श्रूजबरीला बिस्किटं खायला येऊ नका

सॅलपकर (धागाकर्ता)

बर्मिंगहॅमला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या पुणेकराचा ठरलेला प्रश्न असतो: "ते श्रुसबेरी बिस्किटांचं गाव जवळच आहे ना, जाऊन येऊ का?" जरूर जा, पण बिस्किटासाठी नको. पुण्याच्या कयानी बेकरीच्या खिडकीपुढच्या रांगेला शोभेल असं दुकान शोधत गावभर फिरलात तर निराश व्हाल आणि मधलं गाव बघायचं राहील.

इथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गावाची ठेवण. सेव्हर्न नदी एका टेकडीभोवती घोड्याच्या नालासारखी वळते आणि तिन्ही बाजूंनी पाणी होतं. उरलेल्या चिंचोळ्या जमिनीवर नॉर्मन सरदार रॉजर द माँटगमरीने १०७० च्या आसपास किल्ला बांधून तोंड बंद केलं. आत बाजाराचं गाव, वेल्सच्या हद्दीपासून जवळच. रस्त्यांची मध्ययुगातली आखणी बरीचशी तशीच आहे आणि वारसा म्हणून नोंदलेल्या इमारती ६०० च्या वर.

एका दिवसाची पायी फेरी:

स्टेशनातून बाहेर आलात की किल्ला डोक्यावरच दिसतो. कॅसल गेट्सचा चढ चढा. डावीकडे तांबड्या दगडाचा किल्ला, समोर जुनी शाळा. डार्विन या शाळेत शिकला. आता तिथे वाचनालय आहे आणि दारात त्याचा पुतळा (१८९७). पुढे कॅसल स्ट्रीटवरून डावीकडे सेंट मेरी चर्च. तिथली चौदाव्या शतकातली जेसी खिडकी (येशूची वंशावळ दाखवणारी, रंगीत काचांची) बघायला सकाळचं ऊन असेल तर उत्तम. मग सेंट अल्कमंडच्या पटांगणातून बेअर स्टेप्स, फिश स्ट्रीट, बुचर रो, आणि ग्रोप लेनच्या बोळातून खाली हाय स्ट्रीट. पलीकडेच चौक, म्हणजे द स्क्वेअर. तिथून मार्केट हॉलमध्ये जेवण, क्लेअरमाँट हिल चढून गोल सेंट चॅड चर्च, समोर क्वारी बाग आणि नदी.

रमतगमत पाच तास. रविवार आणि सोमवार टाळा, मार्केट हॉल बंद असतो. बाकीच्यांनी भर घाला, चुका काढा.

लोणीसाखर

पहिल्याच ओळीत कयानीचा उल्लेख आणि तोही बिस्किटाला नावं ठेवायला. धागा भरणार हा.

रुळावरून

प्रवासाचं सांगतो, कारण चुका तिथेच होतात.

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून साधारण तास लागतो. लंडनहून येताना बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रू यांपैकी एकीकडे गाडी बदलायची. विमानतळावरून येणाऱ्यांसाठी बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनावरून ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सच्या थेट गाड्या आहेत.

या गाड्यांची एक गंमत आहे. ॲबरिस्टविथकडे जाणारी गाडी श्रूजबरीला ज्या टोकाने आत येते, त्याच टोकाने बाहेर पडते. ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. गाडी उलटी निघाली म्हणून घाबरून उतरू नका. पुढे मॅखन्लेथला तिचे दोन भाग होतात, एक ॲबरिस्टविथला, दुसरा पुथेलीच्या मार्गावर. समुद्रापर्यंत जायचं असेल तर डबा विचारून बसा. फक्त श्रूजबरीला उतरायचं असेल तर कुठलाही डबा चालेल.

आणि उतरल्याबरोबर पळू नका. फलाटांचं एक टोक नदीवरच्या पुलावर आहे, पायाखाली सेव्हर्न वाहते. त्या टोकाला उभं राहिलं की रुळांच्या बेचक्यात लाल विटांची उंच केबिन दिसते. ती सेव्हर्न ब्रिज जंक्शन सिग्नल बॉक्स, १९०३ ची, आत १८० खटक्यांची चौकट. हातांनी खटके ओढून चालणारी एवढी मोठी केबिन जगात दुसरी उरलेली नाही. हात वर-खाली करणारे सिग्नल अजून तिच्यावरच चालतात. रेल्वेवेड्या बाबांना इथेच अर्धा तास द्या.

पेठेतला_भटक्या

स्टेशनच्या इमारतीबद्दल भर. ती १८४८ ची, एखाद्या जुन्या कॉलेजसारखी दिसणारी. आधी तिचा तळमजला नव्हताच. नंतर जागा कमी पडली तेव्हा पुढचं आवार खणून खाली नेलं आणि इमारतीच्या खाली आणखी एक मजला घातला, त्याच धाटणीत. जोड दिसत नाही. वर मजले चढवणारे पुष्कळ पाहिले, खालून चढवणारे हेच.

धागाकर्त्यांनी बोळांना एका वाक्यात उडवून लावलंय, याचा निषेध. इथे बोळाला 'शट' म्हणतात. दोन रस्त्यांना जोडणारी पायवाट, कधी घराच्या पोटातून जाणारी, कधी इतकी अरुंद की समोरून छत्री आली तर एकाने मागे जावं. तोंडाशी नावाची पाटी असते आणि बऱ्याचदा ती दुकानाच्या पाट्यांत हरवते. गलेट पॅसेज चौकातून मार्डोल हेडकडे निघतो, तो चुकवू नका. फोनवरच्या नकाशावर भरवसा नको, त्याला बोळ कळतो, पायऱ्या कळत नाहीत. टेकडीचा नियम सोपा आहे: पाय खाली ओढत असतील तर नदीकडे चाललात, धाप लागली तर चौकाकडे.

ग्रोप लेनमध्ये मधोमध उभं राहून वर बघा. लाकडी चौकटीच्या घरांचे वरचे मजले पुढे आलेले असतात, दोन्ही बाजूंचे, आणि आकाशाची चिंधी उरते. नावाचा अर्थ आईवडिलांसमोर विचारू नका. मध्ययुगात त्या गल्लीची कीर्ती काही बरी नव्हती.

निळीशाई

@पेठेतला_भटक्या, अर्थ सांगितला नाहीत म्हणून आता सगळे शोधणार.

आंग्र्यांचा_शेजारी

चौकातल्या पुतळ्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मराठी धाग्यावर तरी नवल आहे. पुतळा रॉबर्ट क्लाइव्हचा. तो याच परगण्यातला, मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला. १७६१ पासून १७७४ मध्ये मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार आणि मध्ये या गावाचा महापौरही. पुतळा १८६० चा, मारोचेट्टीने केलेला.

आपल्याकडे क्लाइव्ह म्हटलं की प्लासी आठवते. पण प्लासीच्या सव्वा वर्ष आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हा माणूस विजयदुर्गावर होता. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनची जहाजं, जमिनीवर क्लाइव्हची फौज आणि दुसऱ्या बाजूने खुद्द पेशव्यांचं सैन्य. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत गेले, किल्ला आणि लूट इंग्रजांनी धरून ठेवली. किल्ला परत मिळायला त्या वर्षीचा ऑक्टोबरातला तह व्हावा लागला. म्हणजे गिर्ये-विजयदुर्गच्या माणसाला या पुतळ्यासमोर उभं राहायला कलकत्त्याच्या माणसाइतकंच कारण आहे.

सॅलपकर

बरोबर. २०२० मध्ये पुतळा हलवावा म्हणून मोठी मागणी झाली. परिषदेने तो ठेवायचा आणि माहितीफलक लावायचा असं ठरवलं.

डोंगरवाट

त्या पुतळ्याकडे पाठ करून समोरची इमारत बघा, असा माझा सल्ला. जुना मार्केट हॉल, १५९६. खाली कमानींमध्ये धान्याचा बाजार, वरच्या मजल्यावर वेल्सहून आलेल्या लोकरी कापडाचा. उत्तरेच्या टोकाच्या कमानीखाली आतल्या बाजूला एका खांबावर ओळीने बारीक भोकं दिसतात. ती मोजदादीची. त्यांत खुंटी सरकवत माल मोजायचे. बोट घालून बघा, कडा इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झाल्यात. बहुतेक लोक त्याच खांबाला टेकून कॉफी पितात आणि त्यांना पत्ता नसतो.

वर आता छोटं चित्रपटगृह आणि कॅफे आहे.

आंग्र्यांचा_शेजारी

पाठ कशाला करायची? दोन्ही बघा. आणि पुतळा बघून भूक भागली नसेल तर दुसऱ्या दिवशी वेल्शपूलला जा, वेल्सकडच्या गाडीने पुढचंच स्टेशन, वीस-पंचवीस मिनिटं. तिथल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून आणलेला संग्रह आहे. टिपूचा छापील कापडाचा तंबू त्यातच. तो रॉबर्टचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असताना, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर मिळालेल्या वस्तूंपैकी. स्टेशनपासून किल्ला दोन किलोमीटरच्या आसपास आणि शेवटी चढ.

निळीशाई

सेंट चॅडचं चर्च गोल का, हे सांगायला हवं, कारण गोष्ट आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखी आहे.

जुनं सेंट चॅड दुसरीकडे होतं. छत गळतंय म्हणून तरुण टेलफर्डला बोलावलं. हा तोच पुढे पूल आणि रस्त्यांसाठी गाजलेला टॉमस टेलफर्ड, तेव्हा तो श्रूजबरीचा किल्ला राहण्याजोगा करण्याच्या कामावर होता. तो म्हणाला, छताचं राहू द्या, मनोऱ्याखालच्या भिंती तडकल्यात, आधी त्या सांभाळा. सभासदांनी त्याची खिल्ली उडवली, इंजिनिअरला स्वतःला काम मिळवायचंय म्हणे. १७८८ च्या जुलैत एका पहाटे मनोरा कोसळला आणि चर्च घेऊन गेला. एक कोपरा उरला, तो अजून प्रिन्सेस स्ट्रीटजवळ उभा आहे. नवं चर्च १७९२ चं, जॉर्ज स्टुअर्टच्या आराखड्याचं, गोल. डार्विनचा बाप्तिस्मा इथलाच.

चर्चच्या आवारात एका सिनेमासाठी १९८४ मध्ये केलेली खोटी थडग्याची शिळा आहे, लोक तिच्यासोबत फोटो काढतात. खऱ्यांकडे कोणी बघत नाही.

रुळावरून

इंजिनिअर मंडळींसाठी आणखी एक, आणि ही फेरीत नाही म्हणून धागाकर्त्यांचे दोन गुण कापावेत. डिथरिंग्टनची फ्लॅक्स मिल, १७९७. जवसाच्या धाग्याची गिरणी. त्या काळी गिरण्यांच्या मजल्यांना लाकडी तुळया असत. धाग्याची भुकटी हवेत, दिवे तेलाचे, त्यामुळे गिरण्या वरचेवर जळत. चार्ल्स बेजने खांब आणि तुळया ओतीव लोखंडाच्या केल्या आणि मधे विटांच्या कमानी भरल्या. जगातली ही पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. आजच्या उंच इमारतींची पणजी म्हणा. पुढे १८९७ पासून तिथे बिअरसाठी सातू मोड आणून वाळवायचे, १९८७ ला ते बंद पडलं, २०२२ मध्ये दुरुस्त होऊन उघडली.

स्टेशनपासून उत्तरेला वीस-पंचवीस मिनिटं, सपाट रस्ता. रस्ता स्वतः कंटाळवाणा आहे, बस मिळाली तर बसा. आत खांब जवळून बघा: मध्यावर जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. बाक मध्यावर येतो म्हणून लोखंडही मध्यावर.

सॅलपकर

गुण कापा, पण पाच तासांत ती बसत नाही. ॲबीसुद्धा त्याच कारणाने सोडली.

पेठेतला_भटक्या

ॲबी सोडायची? १०८३ चा मठ! वायल कॉपच्या उतारावरून इंग्लिश ब्रिज ओलांडला की पाच मिनिटं. आत पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या फलकावर कवी विल्फ्रेड ओवेनचं नाव आहे. आणि रस्त्यापलीकडे एक दगडी व्यासपीठ एकटंच उभं दिसेल, आजूबाजूला काही नाही. मठाच्या भोजनगृहातलं ते. साधू जेवत असताना तिथून वाचन चालायचं. १८३६ मध्ये टेलफर्डच्या आराखड्याचा रस्ता मठाच्या आवारातूनच काढला, चर्च एका बाजूला राहिलं आणि व्यासपीठ दुसऱ्या. रस्ता रुंदीकरणात देऊळ सरकवणारे आपणच नाही.

डोंगरवाट

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. इथला पावसाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सेव्हर्न वेल्सच्या डोंगरांतून येते, त्यामुळे श्रूजबरीत लख्ख ऊन असताना पाणी चढू शकतं. पाऊस तिकडे पडतो, फुगवटा इकडे नंतर पोचतो. २०२० आणि २०२२, दोन्ही फेब्रुवारींत गावाने हे भोगलंय.

निघण्याआधी सरकारी पूर-सूचनेच्या साइटवर वेल्श ब्रिजची पातळी बघा. आकड्यापेक्षा आलेख चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं. पाणी आधी शिरतं ते फ्रँकवेलच्या वाहनतळात आणि क्वारीखालच्या नदीकाठच्या वाटेवर. मग स्मिथफील्ड रोड आणि कोलहॅम हेड. फ्रँकवेलला जोडकामाच्या ॲल्युमिनियमच्या फळ्यांची पूरभिंत उभी करतात. ती लागलेली दिसली की त्या बाजूला गाडी लावू नका. टेकडीवरच्या गावाला काही होत नाही, अडचण तिथे पोचण्याची असते.

गाडीने येणाऱ्यांनी पार्क अँड राइड वापरावं: हार्लेस्कॉट, मील ब्रेस, ऑक्सन, तिन्ही दिशांना. रविवारी बस नसते. किंग्जलंड ब्रिजवर गाडीला टोल आहे, १८८२ पासूनचा पूल. पायी जाणाऱ्याला काही नाही.

लोणीसाखर

बरं, पूर ओसरला असेल तर बिस्किटाकडे येऊ. धागाकर्त्यांनी शीर्षकात काडी टाकली आणि नंतर विषयच काढला नाही.

श्रूजबरी केक हा मूळ इंग्रजी प्रकार. केक म्हणतात पण आहे बिस्किटच. किल्ल्याजवळ कॅसल स्ट्रीटवर एका दुकानावर पाटी आहे की इथे १७६० मध्ये पेलिनने हे केक केले. पण पाककृती त्याहून जुनी. १६५८ साली छापलेल्या कृतीत दोन पौंड मैदा (भट्टीत वाळवून मग वजन केलेला), एक पौंड लोणी तास-दोन तास गुलाबपाण्यात बुडवून ठेवलेलं, पाच अंडी, पाऊण पौंड साखर आणि आलं. लिंबू नंतर आलं, मनुकाही.

आजचं घरी करायचं प्रमाण: १२५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १५० ग्रॅम बारीक साखर, दोन बलक, २२५ ग्रॅम मैदा, एका पिवळ्या लिंबाची किसलेली साल, ५० ग्रॅम बारीक काळ्या मनुका. लोणी-साखर फेसा, बलक आणि साल घाला, मैदा हलक्या हाताने मिसळा. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये. ५ मिलिमीटर जाड लाटून नक्षीच्या काठाच्या साच्याने कापा. १८० अंशांवर आठ ते दहा मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी.

बिघडतं ते असं. मळलं की चिवट होतं. फ्रिजचा टप्पा गाळला की ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतं. सालीऐवजी रस घातला की मऊ पडतं. भारतातल्या कागदी लिंबाची साल पातळ, दोनदा जास्त किसली की पांढरा भाग येतो आणि कडवट लागतं.

पुण्याचं श्रुसबेरी जाडसर, लोण्याचं, त्यात लिंबाचा वास नाही की मनुका नाहीत. दोघांचं नाव एक, आडनाव वेगळं.

निळीशाई

आणि उच्चार? कयानीत 'श्रुसबेरी' म्हटलं तर मिळतं. इथे 'श्रूजबरी' की 'श्रोजबरी' यावर गावातच दोन तट आहेत.

सॅलपकर

आहेत आणि मिटणार नाहीत. मोठ्या खासगी शाळेकडचे 'श्रोजबरी' म्हणतात असं सांगतात, स्टेशनवर 'श्रूजबरी' जास्त ऐकू येतं. तिकीट दोन्ही उच्चारांना तेवढ्यालाच.

खाण्याचं राहिलं. मार्केट हॉल १९६५ चा, उंच घड्याळ-मनोऱ्याचा, बाहेरून कोणी फोटो काढणार नाही. जिना किंवा लिफ्टने वर जा, खरा बाजार वरच्या मजल्यावर. देशातला आवडता बाजार म्हणून एकाहून अधिक वेळा निवडला गेलाय. भाजी, मासे, चीज, जुनी पुस्तकं आणि मधे खाण्याचे गाळे. बारा ते दीड जागा मिळत नाही, साडेअकराला बसा. शाकाहारींनी 'फिजेट पाय' बघून फसू नये, सफरचंद आणि कांद्यासोबत डुकराचं मांस असतं. श्रॉपशर ब्लू हे शेंदरी रंगाचं निळ्या शिरांचं चीज चवीला सुंदर, पण ते मुळात स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकात निघालं. घेताना रेनेट (चीजसाठी दूध फाडणारा पदार्थ, तो प्राण्याच्या पोटातलाही असतो) कुठलं ते विचारा.

गुडघे_ऐकत_नाहीत

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न: सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, गुडघे कुरकुरणारे, जुलै महिना, बर्मिंगहॅमहून येऊन-जाऊन. यातलं काय ठेवू, काय गाळू?

सॅलपकर

तुमच्यासाठी फेरी एकाच दिशेने करा, उतरती. स्टेशन ते किल्ला हा चढ मोठा वाटतो पण छोटा आहे. नको असेल तर टॅक्सीने थेट सेंट मेरीपाशी उतरा. तिथून बुचर रोने जा, बेअर स्टेप्सच्या पायऱ्या वाचतात. ग्रोप लेनचा उतार दगडी आहे, ओला असेल तर वरच्या तोंडाशी उभं राहून बघा आणि प्राइड हिलवरून वळसा घ्या. चौकात बाक आहेत. मार्केट हॉलला लिफ्ट आहे. क्लेअरमाँट हिलचा चढ शेवटचा, सावकाश.

क्वारीत मधोमध द डिंगल, पर्सी थ्रोअर या प्रसिद्ध माळ्याने अठ्ठावीस वर्षं सांभाळलेली खोलगट फुलबाग. जुलैत तिथेच तासभर जाईल. ॲबी, गिरणी गाळा.

मुख्य मुद्दा परतीचा. बहुतेक जण नदीवरून पुन्हा गाव चढून स्टेशन गाठतात आणि दमतात. चढू नका. नदी उजवीकडे नाही, डावीकडे ठेवून काठाने वेल्श ब्रिजपर्यंत या. व्हिक्टोरिया की इथून पाणी बेताचं असेल तर पाऊण तासाची होडीही मिळते. मग स्मिथफील्ड रोडने सरळ, सपाट, दहा-पंधरा मिनिटांत स्टेशन. टेकडीला वळसा घालून तुम्ही निघाला होता तिथेच येता.

गुडघे_ऐकत_नाहीत

गुरुवार ठरवते. पुण्याहून काही आणायचं का कोणासाठी?

लोणीसाखर

धागाकर्त्यांसाठी कयानीची अर्धा किलो आणा, शीर्षक बदलतात का बघू.

सॅलपकर

एक किलो.